सगळे म्हणाले, पोट दुखतंय

मित्रांनो, त्या गोठ्याच्या कुडाशी जरा वाकून पाहा. शेळी ज्यात तोंड घालून पाणी पिते आहे, ते भांडे म्हणजे मी. मी एक जुने घंगाळ आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी घंगाळ पाहिलेही नसेल, म्हणून सांगते. रुंद तोंडाचे, पसरट, दोन्ही बाजूंना जाड कड्या असलेले तांब्याचे भांडे. अंघोळीचे ऊन पाणी त्यात काढायचे आणि तांब्याने अंगावर घ्यायचे. आता माझी एक कडी गेली आहे, बुडाला डाग दिलेले आहेत आणि अंग काळवंडले आहे. शेळीचा मला राग येत नाही. ती पाणी प्यायला लाजत नाही आणि प्यायल्यावर जे होते त्यालाही लाजत नाही. माणसांना हे इतके सोपे का जात नाही, हे मला अजून कळलेले नाही.

मी तुम्हांला माझी हकीकत सांगणार आहे. पण खरे सांगायचे तर ती माझी कमी आणि मनकर्णेची जास्त आहे.

माझा जन्म सेलूचा. तेव्हा आपल्या भागावर निजामाचे राज्य होते. सेलू म्हणजे कापसाची मोठी पेठ. हंगामात कापसाच्या गाड्यांनी रस्ते भरून जात, आणि त्या गोंगाटात एका बोळात तांबटांची ठकठक दिवसभर चाले. मला घडवणारा तांबट फार कमी बोलत असे. त्याच्या वाटचे बोलणे त्याची हातोडी करी. एकेक ठोका असा नेमका की माझ्या अंगावर सगळीकडे सारख्या टिकल्या उमटल्या. दुकानात मला पुढच्या फळीवर मांडले होते आणि येणारे-जाणारे माझ्याकडे वळून पाहत. मला तोरा आला तो तेव्हापासूनच.

मला विकत घेतले भुजंगरावांनी. ते कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनात मुनीम होते. त्यांच्या एकुलत्या एका मुलीचे, मनकर्णेचे, लग्न ठरले होते. त्यांनी बोटाच्या पेराने मला वाजवून पाहिले आणि तांबटाला म्हणाले, "पोरगी थंडीची लय कुडकुडते. सासरी तिला अंघोळीला ऊन पाणी मिळालं पाहिजे. म्हणून घ्यायलोय."

असे मी तिच्याबरोबर पेडगावला आले. पण सासरी मला पाहताच मनकर्णेचे सासरे आबासाहेब खूश होऊन म्हणाले, "वा, घंगाळ झकास आहे." झाले. त्या दिवसापासून मी आबासाहेबांच्या आणि त्यांच्या मुलाच्या अंघोळीचे घंगाळ झाले. बायका बादलीतल्या कोमट पाण्यावर भागवत. बापाने मुलीसाठी आणलेली वस्तू मुलीला रोज घासायला मिळाली.

घर वाईट नव्हते, हे मी आधीच सांगून ठेवते. कोणी कोणावर हात उगारत नसे. आबासाहेब रागीट कमी आणि देवभोळे जास्त. सासू नर्मदाबाई तोंडाच्या फटकळ, पण ताटात वाढताना हात सैल. मनकर्णेचे यजमान दिनकरराव परभणीला तहशिलीत कारकून होते. निजामाच्या राज्यात शुक्रवारी सुट्टी, म्हणून गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने ते घरी येत. येताना आईसाठी आणि बायकोसाठी सारखाच खाऊ आणत, म्हणजे कुणाला काही म्हणायला जागा नको.

घराचे कुलदैवत पोखर्णीचा नरसिंह. वैशाखात नरसिंहाचे नवरात्र बसे आणि रोज सोवळ्यात नैवेद्य होई. सोवळे म्हणजे काय, तेही सांगते. अंघोळ करून, वेगळे वाळत घातलेले लुगडे नेसून चुलीपुढे बसायचे. कुणाला शिवायचे नाही. देवाला दाखवल्याशिवाय पाण्याचा थेंबही तोंडात घालायचा नाही. आणि मध्येच लघवीला उठावे लागले, तर पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरे लुगडे, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आमचा वैशाख तुम्हांला माहीत आहे. त्यात चुलीची धग. नर्मदाबाईंचे गुडघे धरलेले, म्हणून नैवेद्याचे काम नव्या सुनेकडे आले. मनकर्णेची पुरणपोळी अशी तलम होई की आबासाहेब पाहुण्यांना मुद्दाम हाताने उचलून दाखवत. ते ऐकले की ती घामाने निथळतानाही हसे. नर्मदाबाईंनी तिला पहिल्याच वर्षी एक युक्ती शिकवली होती. ती त्यांना त्यांच्या सासूने शिकवली होती.

"सकाळपासून पाणीच पिऊ नये. म्हणजे उठावं लागत नाही."

हे त्यांनी मायेने सांगितले होते, आणि मनकर्णेने मनोभावे पाळले. नवरात्रातच नव्हे, एरवीही. सणवार, श्राद्धपक्ष, पाहुणेरावळे, सोवळे या घरातून कधी फारसे उतरतच नसे. तहान मारायची आणि लघवी लागलीच तर दाबून धरायची, हे तिच्या अंगवळणी पडले. मी न्हाणीत असे. एका बाजूला स्वयंपाकघराचे दार, दुसऱ्या बाजूला परसाचे. तिची सगळी ये-जा माझ्यासमोरून होई, म्हणून आजार आधी मला दिसला.

प्रथम ती परसात वरचेवर जाऊ लागली. आत्ता गेली, हातपाय धुऊन आली, की लगेच पुन्हा तोंड कसनुसे व्हायचे. मग न्हाणीच्या भिंतीला हात टेकून उभी राहू लागली. डोळे मिटायची, ओटीपोट गच्च धरायची आणि ओठ दाताखाली दाबायची. जळजळ होई, कळ येई, आणि मोकळे होऊन आले तरी बरे वाटत नसे. चार दिवस बरे जात, की पुन्हा तेच. असे महिने गेले आणि मग वर्षे.

घरात कुजबूज सुरू झाली. नर्मदाबाई म्हणत, "कामाच्या वेळेलाच कसं गं तुला जावं लागतं?" शेजारच्या बायका पदराआड हसत. बिचारीने त्यावर एकच उपाय केला. पाणी आणखी कमी केले. लघवी हळदीसारखी पिवळी होई आणि आग वाढे. मला ओरडून सांगावेसे वाटे, की बाई, माझ्यासमोर बसून दोन तांबे पाणी पी. पण घंगाळाचे कोण ऐकतो?

एका शुक्रवारी दिनकरराव अंघोळीला बसले होते. मनकर्णा ऊन पाणी घेऊन आली आणि हलकेच म्हणाली, "विचारलं का दवाखान्यात?"

"विचारलं. पुड्या दिल्यात."

"काय म्हणून विचारलं?"

दिनकररावांनी तांब्या भरून डोक्यावर ओतला. मग पुन्हा ओतला. मग म्हणाले, "पोट दुखायलंय म्हणून."

"पोट नाही हो. खाली दुखतंय. लघवीच्या जागी जळतंय, सांगितलं होतं ना मी?"

"हळू बोल. आबा ओसरीवर आहेत."

"मग डॉक्टरला कळणार कसं?"

"अगं, चार लोकं बसलेले असतात तिथं. आमच्या तहशिलीतलेच असतात. बायकोचं असलं दुखणं मी कसं सांगू?"

ती पाण्याचे रिकामे भांडे घेऊन आत गेली. दिनकररावांचा जीव होता तिच्यावर, हे मला ठाऊक आहे. दर आठवड्याला ते न चुकता औषध आणत. पण ते पोटदुखीचे. ओवा आला, एरंडेल आले, लिंबात खललेले पाचक आले. लिंबाने तर आग असह्य होई. दुखणे एकीकडे आणि औषध भलतीकडे, असे ते वर्षानुवर्षे चालले. घरात, गावात, माहेरच्या निरोपात सगळीकडे एकच झाले होते. मनकर्णेचे पोट दुखते.

एका वैशाखात नैवेद्य करताना ती दोनदा उठली. दुपार टळून गेली तरी देवाला ताट दाखवता आले नाही. आबासाहेब नुसते देवघराच्या उंबऱ्यावर बसून राहिले. नर्मदाबाई मात्र बोलल्या.

"उद्यापासून तू नैवेद्याला शिवू नकोस. मी बघते."

त्या दिवशी मनकर्णा मला घासताना रडली. चिंच लावायची, राख लावायची, आणि डोळे पुसायला हात वर करायची. चिंच डोळ्यांत गेली म्हणून आणखी पाणी यायचे. मी तिचे सगळे पाहिले होते, पण अशी रडताना पहिल्यांदाच पाहिली. दुखण्यापेक्षा तिला ते जास्त लागले होते.

मित्रांनो, आता आनंदाची गोष्ट सांगते. ती थोडी आहे, म्हणून मी सावकाश सांगणार आहे.

थंडीचे दिवस होते. पुरुषांच्या अंघोळी झाल्या होत्या आणि माझ्यात बरेचसे ऊन पाणी उरले होते. ते फेकून मला घासायला मनकर्णा आली. तिने कडी धरली आणि तेवढ्यात कळ आली. तिला उभे राहवेना, खाली बसवेना. काठाला धरून ती वाकली आणि सुचेल तशी, लुगड्यासकट, माझ्यात बसली. पाय बाहेर, पाठ भिंतीला. पाणी तिच्या कमरेपर्यंत आले.

थोड्या वेळाने तिचे आवळलेले खांदे खाली आले. मग जबडा सैल झाला. मग तिने असा श्वास सोडला, की मला वाटले इतकी वर्षे तो तिने आतच कोंडून ठेवला होता. ती रडली नाही, हसली नाही. डोळे मिटून नुसती बसून राहिली. मी आयुष्यात कितीतरी अंघोळी घातल्या, पण कुणाच्या उपयोगी पडल्याचे समाधान मला त्या दिवशी मिळाले.

तेव्हापासून दुपारी घर आडवे झाले की ती ऊन पाणी घेऊन यायची आणि माझ्यात बसायची. बसल्या बसल्या विचार करायची, पुटपुटायची. "काल ठेचा खाल्ला, आज आग झाली." "चिंचेचं सार नको." तिने आपली आपणच पारख केली. तिखट सोडले, आंबट सोडले. धणे भिजवलेले पाणी पिऊ लागली. एकदम घटाघटा नाही, घोट घोट, दिवसभर. लघवीची आग उतरली. दुखणे गेले नाही, ते अधूनमधून तोंड दाखवून जाई. पण आता आले तर काय करायचे हे तिला माहीत झाले होते, आणि त्यामुळे ते आले तरी ती घाबरत नसे.

हे किती दिवस लपणार? एका दुपारी नर्मदाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी मनात म्हटले, आता संपले. पुरुषांच्या अंघोळीचे घंगाळ, त्यात सून बसलेली. मनकर्णा उठायला धडपडली.

"आत्याबाई, मी... लय दुखायलं होतं, म्हणून..."

"बस तशीच," नर्मदाबाई म्हणाल्या. त्या पुढे आल्या, पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "निवलंय की गं पाणी. थांब, चुलीवरचं आणते."

त्यांनी पाणी आणले, कडेने हळूहळू ओतले आणि मग गुडघ्यावर हात ठेवून तिथेच पाटावर बसल्या.

"बरं वाटतं का यानं?"

"लय बरं वाटतं."

"दिनकरच्या पाठीवर झालेलं पोर गेलं ना माझं, तेव्हापासून मलाही होतं हे," त्या म्हणाल्या. "तुझ्याइतकं नाही. पण होतं. जळतं."

"मग तुमी काय केलं, आत्याबाई?"

"काय करायचं? कुणाला सांगणार? सोसलं." मग माझ्या काठावरून हात फिरवत म्हणाल्या, "माझ्यापाशी सोसण्याशिवाय काही नव्हतं गं. म्हणून तुलाही तेच शिकवलं."

दुसऱ्या दिवशी आबासाहेब अंघोळीला आले, तर त्यांच्यापुढे लोखंडी बादली.

"घंगाळ कुठं आहे?"

"त्यात कुत्र्यानं तोंड घातलं," नर्मदाबाई म्हणाल्या.

"चिंच लावून घासा की."

"घासलं. पण माझं मन घेत नाही. देवाला जायचं असतं तुमाला."

देवाचे नाव निघाल्यावर आबासाहेब पुढे काय बोलणार? बादलीला नावे ठेवत त्यांनी अंघोळ उरकली. कुत्र्याने मला कधी शिवलेसुद्धा नव्हते. फुकटची बदनामी झाली, पण अशी बदनामी मी दहा वेळा सोसली असती. मी बायकांचे झाले.

पुढची वर्षे माझ्या आयुष्यातली चांगली वर्षे. दोघींनी मिळून घराची रीत जरा वाकवली. वैशाखात मनकर्णा पुन्हा पोळ्या लाटू लागली. तिला उठावे लागले की नर्मदाबाई दुखरे गुडघे घेऊन चुलीपुढे बसत आणि ती अंघोळ करून येईपर्यंत सांभाळत. नैवेद्याला थोडा उशीर होई. देवाने कधी तक्रार केली नाही. दुपारी दोघी आळीपाळीने माझ्यात बसत आणि कुणाच्या तरी चहाड्या करत. मनकर्णेच्या गालावर मांस आले. दिनकररावांना वाटे, आपल्या पुड्यांनी गुण आला.

एक गोष्ट मात्र त्या दोघींनी केली नाही. पुरुषांपुढे दुखण्याचे नाव काढले नाही. "बायकांचं बायकांत बरं," असे नर्मदाबाई म्हणत, आणि मलाही तेव्हा ते बरोबरच वाटले. घरात कधी विषय निघालाच तर पोटदुखी, एवढेच.

मग ते शेवटचे वर्ष आले. निजामाचे राज्य डळमळले होते आणि मुलखात धामधूम माजली होती. आज या गावाला आग लागली, उद्या त्या गावातली माणसे निघाली, अशा बातम्या येत. लोक घरे सोडून वऱ्हाडाकडे, इंग्रजांचे राज्य होते त्या मुलखात, जाऊ लागले. इंग्रज तर आदल्याच वर्षी गेले होते, पण आबासाहेबांच्या तोंडातून ते अजून गेले नव्हते. आगगाडीत झडत्या होत, म्हणून काशीनाथच्या बैलगाडीने जिंतूरवरून वऱ्हाडातले रिसोड गाठायचे ठरले. दिनकररावांची नोकरी. ते मागून येणार होते.

जाण्याआधी लोक भांडी पुरून ठेवत. आमच्या परसातही कडुलिंबाखाली खड्डा खणला. पराती, हंडे, समया एकेक करून आत गेल्या. मग आबासाहेबांनी माझ्याकडे बोट दाखवले.

"ते राहू द्या, मामंजी," मनकर्णा म्हणाली. "गाडीत घेऊ."

"घंगाळ? अगं, शेजारचे धरून आपण इतकी माणसं. गाडीत माणसं बसायची का भांडी? शिवाय कुत्र्यानं तोंड घातलेलं. तिकडं कुठलंही भांडं मिळेल."

मनकर्णेने सासूकडे पाहिले. नर्मदाबाईंनी मान खाली घातली. त्या एवढेच म्हणाल्या, "आल्यावर काढू गं." मनकर्णेने स्वतः मला खड्ड्यात ठेवले, काठावर हात ठेवून क्षणभर थांबली, आणि मग माती पडू लागली.

जमिनीखालचे दिवस मी तुम्हांला काय सांगणार? वर पाऊस झाला, तेव्हा माती ओली झाली, एवढे कळले. मी एकाच गोष्टीचा विचार करीत होते. तिथे तिला ऊन पाणी कोण देत असेल?

पावसाळा सरता सरता फावड्याचा आवाज आला. धामधूम मिटली होती, निजामाचे राज्य संपले होते. मला बाहेर काढले ते गाडीवान काशीनाथने आणि दिनकररावांनी. उजेडाला डोळे सरावल्यावर मी माणसे पाहू लागले. आबासाहेब लिंबाखाली बसले होते, निम्मे झालेले. नर्मदाबाई दारात होत्या. मला घासायला कोणी आले नाही.

दिनकररावांनी माझ्यावरची माती हाताने झाडली आणि आईला म्हणाले, "आई, तिला नेमकं झालं तरी काय होतं? मी पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. कुणी नीट सांगत नाही. पोटाचंच ना?"

नर्मदाबाई बाहेर आल्या आणि माझ्या काठावर हात टेकून खाली बसल्या.

"पोटाचं नव्हतं रे. लघवीचं दुखणं होतं. तुला माहीत होतं, मला माहीत होतं."

आबासाहेबांनी मान वर केली. त्यांना माहीत नव्हते.

मग नर्मदाबाईंनी सांगितले. वैशाखाचे ऊन होते. गाडीत शेजारची माणसे, परके पुरुष. आबासाहेबांच्या मांडीवर देवांचा डबा. देव शेजारी, म्हणजे गाडीत सोवळे आलेच. खाली उतरून लघवीला जाऊन यायचे, तर अंघोळ केल्याशिवाय पुन्हा देवाजवळ कसे बसणार? आणि वाटेत अंघोळीपुरते पाणी कुठले? मनकर्णेने निघतानाच पाणी पिणे बंद केले. तांब्या फिरत आला की ती पुढे सरकवी. सासूने जुनी युक्ती ओळखली आणि गप्प बसली. दुसऱ्या दिवशी मनकर्णा गाडीच्या दांडीला घट्ट धरून बसली होती. तोंड पांढरे पडले होते.

"काशीनाथनं मागं वळून बघितलं," नर्मदाबाई म्हणाल्या. "त्यानं मला विचारलं."

काशीनाथ फावडे घेऊन उभा होता. तो खाली पाहत म्हणाला, "मी म्हन्लो, माय, सूनबाईला लय तरास व्हायलाय दिसतंय. गाडी थांबवू का? हितं झाडी बी हाय."

"आणि मी म्हणाले, काही नाही रे, पोट दुखतंय तिचं. चाल तू."

काशीनाथने फावडे भुईवर ठेवले.

"त्या शेजाऱ्यानं ओवा दिला चघळायला," नर्मदाबाई पुढे म्हणाल्या. "तिनं घेतला. माझ्याकडं बघून चघळला. मग संध्याकाळी हुडहुडी भरली. अंग नुसतं भाजत होतं. रिसोडला डॉक्टर आला, त्यानं सगळ्यांसमोर सरळ विचारलं, लघवी कवापासून बंद आहे? तेव्हा मी सांगितलं. तेव्हा माझं तोंड उघडलं. तो म्हणाला, मूत्रपिंडापर्यंत गेलंय, लय उशीर केलात."

दिनकरराव माझ्याकडे पाहत होते. त्यांच्या हाताला ओली माती लागली होती आणि ती ते पुसतही नव्हते. "मी दवाखान्यात पोट म्हणालो," ते म्हणाले. "दर वेळी पोटच म्हणालो."

तेव्हा लिंबाखालून आबासाहेब बोलले. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की मला तो आधी ओळखू आला नाही.

"देव माझ्या मांडीवर होते. मला एकदा सांगायचं होतं. देव घेऊन मी खाली उतरलो असतो. चालत आलो असतो गाडीमागून." ते थांबले. "मी तिला काही म्हणालो असतो का गं? एवढा का वाईट होतो मी?"

नर्मदाबाई माझ्या काठावर कपाळ टेकून रडल्या. मी ऊन पाण्याचे भांडे, डोळ्यांतून पाणी न येणाऱ्या कोरड्या रडण्याची मला सवय नव्हती.

मित्रांनो, मनकर्णेला कोणी मारले नाही. त्या गाडीत तिच्यावर माया करणारीच माणसे होती. गाडीवान थांबायला तयार होता, सासरे उतरायला तयार होते, बाजूला झाडी होती. फक्त एक शब्द कुणाच्या तोंडातून निघाला नाही. हे मला अजून सोसत नाही. माझे काय, मला पुन्हा घासून लख्ख करता आले.

पुढे नर्मदाबाईंनी मला घरात ठेवले नाही. परसाच्या दाराशी, जिथून कोणीही उचलून नेईल अशा जागी ठेवले. विहिरीवर, भर बायकांत, त्या दुखण्याचे नाव घेऊन सांगत, "कुणाला लघवीची आग होत असेल तर लाजू नका. पाणी प्या, दवाखान्यात जा, आणि तिथं लघवीचंच म्हणून सांगा. शेकायला घंगाळ लागलं तर माझ्याकडचं न्या." पहिल्यांदा बायका पळ काढत. मग एक आली. मग दुसरी. मी घरोघर फिरले. ओढताना कडी तुटली, आपटून बूड फुटले, डाग दिला, पुन्हा फुटले. माझे हे रूप त्यातूनच झाले आहे.

आता माझ्यात ऊन पाणी कोणी ओतत नाही. मला घासू नका, आरशासारखे करू नका, तशी माझी इच्छाही उरलेली नाही. माझे एवढेच ऐका. तहान लागली तर पाणी प्या. लघवी लागली तर जा. दुखत असेल तर जिथे दुखते तिथले नाव घ्या, आणि कोणी घेतले तर त्याला हळू बोल म्हणू नका. आणि प्रवासात कधी आई, बहीण, मावशी, कोणीही गाडी थांबवा म्हणाली, तर कशाला म्हणून विचारू नका. ती म्हणाली नाही, पण तिचे तोंड पांढरे पडलेले दिसले, तरी थांबवा.